बिस्किटं नंतर, आधी कड : घरच्या घरी फळ्या जोडताना

दोन फूट रुंदीची अखंड फळी आता वखारीत सहसा मिळत नाही, आणि मिळालीच तर माझ्या मते घेऊ नये. एवढी रुंद फळी पहिल्याच पावसाळ्यात पन्हळीसारखी बाकते. टेबल असो, शेल्फ असो की देव्हाऱ्याखालची बैठक, चार-पाच इंची फळ्या शेजारी शेजारी चिकटवून रुंदी वाढवायची हाच शहाणा मार्ग. जोडताना त्या एका पातळीत राहाव्यात म्हणून मी सांध्यात ‘बिस्किटं’, म्हणजे लाकडाचे चपटे तुकडे, घालते. मी हे काम चिपळूणला घराच्या मागच्या पडवीत करते. इथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, त्यामुळे लाकूड किती फुगतं आणि कसं फुगतं याचा विचार केल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. उदाहरणाला एक लिहायचं टेबल धरू. वरचा भाग चार फूट बाय दोन फूट, फणसाच्या पाच फळ्या, प्रत्येकी पाच इंच रुंद, रंधून झाल्यावर जाडी २२ मिमी.

फणसाचं लाकूड का, तर कोकणात ते परसातच असतं, वाळवी त्याला सहजी धरत नाही, आणि रंग असा सुरेख पिवळा की पॉलिश करताना हात थबकतो. (हा पिवळा टिकत नाही. उजेडात हळूहळू तपकिरी होतो. ज्यांना पिवळाच हवा त्यांनी आधीच मनाची समजूत घालावी.) सागवान घेतलंत तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

आता बिस्किटाबद्दल. बीच नावाच्या युरोपियन लाकडाचा दाबून चपटा केलेला, दोन्ही टोकांना निमुळता तुकडा. जाडी ४ मिमी, म्हणजे आपल्या सुतारी हिशोबात सव्वा सूत. नेहमीची मापं तीन: शून्य नंबर ४७ बाय १५ मिमी, दहा नंबर ५३ बाय १९, वीस नंबर ५६ बाय २३. दोन्ही फळ्यांच्या कडांना समोरासमोर अर्धगोल खाचा मारायच्या, बिस्किट अर्धं हिच्यात, अर्धं तिच्यात. दाबलेलं लाकूड गोंदातलं पाणी पिऊन फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. त्याच्या रेषा (लाकडाचे तंतू) तिरप्या ठेवलेल्या असतात, म्हणजे सांध्याच्या ओळीत ते उभं चिरकत नाही. ही युक्ती स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावच्या हर्मान स्टाइनर या सुताराची, १९५० च्या दशकाच्या मध्यातली. तेव्हा चिपबोर्ड (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला तक्ता) नवा होता आणि त्याला पारंपरिक खाच-कुसू, म्हणजे एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा, चालत नव्हतं. ‘लामेलो’ ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

म्हणजे बिस्किट जन्माला आलं ते चिपबोर्डसाठी. हे लक्षात ठेवलंत तर पुढचा बराच गोंधळ टळेल, कारण फळीला फळी लांबीच्या कडेने जोडताना सांध्याची ताकद बिस्किटातून येत नाही. दोन्हीकडच्या रेषा एकाच दिशेने धावत असतात, त्यामुळे नीट रंधलेल्या दोन कडा आणि साधा पांढरा गोंद एवढ्यावरच तो सांधा इतका पक्का होतो की तोडायला गेलं तर बहुतेक वेळा शेजारचं लाकूड आधी फाटतं. मग बिस्किट कशाला? फळ्या एका पातळीत राहाव्यात म्हणून. गोंद लावलेल्या कडा बुळबुळीत असतात. शिकंजा (क्लँप) आवळला की एक फळी वर येते, दुसरी खाली जाते, आणि मग ती पायरी काढायला दोन दिवस रंधा मारावा लागतो. बिस्किट हे सरकणं थांबवतं. लांबीच्या दिशेला मात्र खाचेत एखाद-दोन मिमीची मोकळीक राहते, म्हणून खुणा जरा इकडेतिकडे झाल्या तरी निभावतं. लाकडी खुंट्यांच्या सांध्यात ही सवलत नाही. तिथे भोक केसभर चुकलं की फळी बसतच नाही.

कड

माझा निम्मा वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा.

लाकूड वाळलेलं हवं. ओलावा मोजायचं छोटं मीटर आता कुठेही मिळतं. कोकणात भर उन्हाळ्यात १२-१३ टक्के दाखवलं तरी मी खूश असते. वखारीतून आणलेल्या फळ्या ज्या घरात टेबल राहणार त्याच घरात, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून दोन-तीन आठवडे ठेवा. जोडकाम शक्यतो मार्च ते मे. जुलैत जोडलेलं टेबल मेमध्ये आकसतं, आणि आकसताना फटी दाखवतं.

फळ्या सुकल्यावर जमिनीवर मांडा आणि हलवून बघा. कुठली कुणाशेजारी चांगली दिसते हे डोळ्यांनी ठरवायचं. झाडाची वर्षवलयं एक वर एक खाली अशी आलटून-पालटून ठेवावीत असं बरेच जण सांगतात. मी ते फारसं पाळत नाही. त्यापेक्षा सगळ्या फळ्यांच्या रेषा एकाच दिशेने उठतील हे बघते, कारण शेवटी पूर्ण पृष्ठभागावर रंधा मला मारायचाय. क्रम ठरला की पाचही फळ्यांवर मिळून पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढा. फळ्या कितीही विस्कटल्या तरी तो पुन्हा जुळवला की क्रमही कळतो आणि दर्शनी बाजूही.

मग कड रंधायची. शेजारच्या दोन फळ्या घ्या, दर्शनी बाजूला दर्शनी बाजू लावून व्हाइसमध्ये उभ्या आवळा, आणि दोघींच्या कडा एकत्रच रंधा. याचा फायदा असा की रंधा जरा कलला तरी बिघडत नाही. एका फळीची कड ८९ अंशांची झाली, तर दुसरीची आपोआप ९१ ची होते. उघडून समोरासमोर ठेवल्यावर बेरीज १८० च. गुण्या लावून प्रत्येक कड काटकोनात आणायचा त्रास वाचतो. फणसाच्या रेषा आतल्या आत दिशा बदलतात, त्यामुळे मध्येच लाकूड उचकटतं. पातं दगडावर चांगलं लावून घ्या आणि इतकी पातळ ढलपी काढा की तिच्यातून बोट दिसलं पाहिजे.

तपासायचं कसं? एक फळी उभी धरा, तिच्यावर दुसरी कडेवर ठेवा, आणि मागून उजेड येईल असं बघा. आमच्या वाडीतले सुतारकाका एवढंच म्हणतात, “वयनी, उजेड दिसला तर गोंद काय करनार?” वरची फळी टोकाला धरून हळूच फिरवून बघा. ती मध्यावर फिरली तर मध्ये फुगवटा आहे, तो काढायलाच हवा. टोकांवर अडखळली तर चांगलं. चार फुटांच्या लांबीत मधोमध पातळ कागदाएवढी पोकळी मी मुद्दाम ठेवते. फळीची टोकं नेहमी आधी वाळतात आणि तिथूनच सांधा उघडायला लागतो. मध्ये ती कागदभर पोकळी असली की शिकंजा आवळल्यावर टोकं जास्त दाबली जातात. पण कागदाएवढी म्हणजे कागदाएवढीच.

रंधलेल्या कडांना त्याच दिवशी गोंद लागला पाहिजे. ताजी कड गोंद चांगला धरते.

खुणा आणि खाचा

फळ्या त्रिकोण जुळवून शेजारी ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर आडव्या पेन्सिलीच्या रेघा मारा, दोन्ही फळ्यांवर एकाच फटक्यात. टोकापासून तीन इंचांवर पहिली, मग साधारण आठ-साडेआठ इंचांवर एकेक. चार फुटांत सहा बिस्किटं पुरतात. पाच फळ्यांचे चार सांधे, म्हणजे एकूण चोवीस. जास्त घालून ताकद वाढत नाही, खर्च वाढतो. टोकापासूनचे तीन इंच मात्र कमी करू नका. नंतर टोकं कापून सरळ करताना करवत खाचेतून गेली तर टेबलाच्या कडेला बीचचा एक चपटा डोळा कायमचा बघत बसेल.

बिस्किटाच्या खाचा मारायचं मशीन म्हणाल तर माकिता, बॉश, डीवॉल्ट अशा कंपन्यांची मिळतात. माकिताचं पीजे ७००० हे साधारण ७०० वॅटचं, मिनिटाला ११,००० फेऱ्यांचं. पातं १०० मिमी व्यासाचं, ग्राइंडरसारखं आडवं, स्प्रिंगच्या मागे दडलेलं. ढकललं की पुढे येतं, सोडलं की मागे जातं. वर्षातून एखादं टेबल करणाऱ्याने हे मशीन घेऊ नये. राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरायचं यंत्र) असेल तर बेअरिंगवालं ४ मिमीचं खाचेचं पातं त्यात बसवूनही हेच काम होतं, थोडं सावकाश. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून खाच मारायचे उद्योग मात्र करू नका. बोटं परत मिळत नाहीत.

मशीनला पुढे एक आडवी पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. २२ मिमीच्या फळीला ती अशी लावा की पातं वरून साधारण ११ मिमीवर चालेल. अगदी मध्यावर आलं नाही तरी चालतं. पण सगळ्या खाचा दर्शनी बाजूवर फेन्स टेकवूनच मारायच्या, एकही उलट्या बाजूवरून नाही. अर्धा मिमी वर असेल तर सगळ्याच अर्धा मिमी वर असतील आणि फळ्या तरीही एका पातळीत येतील. एखादी फळी चुकून उलटी ठेवून खाच मारली की तिथेच पायरी तयार होते.

खोली वीस नंबरला लावा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच मारा. आता कोरडं बिस्किट खाचेत सारा, फळीच्या कडेला लागून त्याच्यावर पेन्सिलीने रेघ ओढा. बिस्किट बाहेर काढा, फिरवून दुसरी बाजू आत घाला, पुन्हा तिथेच रेघ ओढा. बिस्किटाच्या मध्यावर आता दोन समांतर रेघा दिसतील. त्यांच्यात साधारण दीड मिमी, म्हणजे अर्ध्या सुताच्या आसपास अंतर असेल तर खोली बरोबर. कारण वीस नंबरचं बिस्किट २३ मिमी रुंद, अर्धं साडेअकरा, आणि खाच साधारण १२.३ मिमी हवी. तो उरलेला पाऊण-एक मिमी जास्तीच्या गोंदाला बसायला जागा देतो. रेघा एकमेकींवर आल्या तर खाच उथळ आहे. गोंद तळाशी अडकेल आणि सांधा मिटणार नाही, मग शिकंजा कितीही पिळा.

खाच मारताना फळी टेबलाला क्लँपने पक्की बांधा. हातात धरून कधीच नाही. डाव्या हाताने पुढची मूठ खाली दाबून फेन्स फळीवर सपाट टेकलेली ठेवायची, सगळं लक्ष त्यावर. मशीनवरची मधली खूण पेन्सिलीच्या रेघेवर आणा, चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश पुढे ढकला, मागे घ्या, आणि नंतरच बंद करा. पातं लाकडाला लागताक्षणी मशीन बाजूला सरकू बघतं, तेव्हा घाई केली की खाच रुंद होते. चष्मा, कानांना बोळे, तोंडावर मास्क. पिशवी लावली तरी बारीक भुसा उडतोच. खाचेतला भुसा ब्रशने नाहीतर व्हॅक्युमने काढा.

गोंद

बिस्किटांबद्दल एक कोकणी सूचना. ती हवेतलंच पाणी पितात. पुड्याला जूनमध्ये भोक पडलं तर जुलैत बिस्किटं खाचेत जात नाहीत. मी ती लोणच्याच्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. फुगलेली असतील तर कडक उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये वाळवली की बरीचशी पूर्ववत होतात.

गोंद पाण्याचाच हवा. घरातल्या टेबलाला फेविकॉल एसएच पुरतो. जिथे पाणी सांडणार तिथे फेविकॉल मरीन. इपॉक्सीने सांधा चिकटेल, पण त्यात पाणी नसल्यामुळे बिस्किट फुगणार नाही.

सगळं आधी कोरडं जुळवून, शिकंज्यात आवळून बघा. खरंच बघा. गोंद लावल्यावर बिस्किटं काही मिनिटांत फुगायला लागतात, आणि एप्रिलच्या दुपारी गोंदही झटकन आटतो. तेव्हा ‘तो लांब क्लँप कुठे गेला’ हे शोधायला वेळ नसतो. म्हणूनच पाचही फळ्या एका दमात जोडू नका. आधी दोघींची जोडी, मग तिघींचा गठ्ठा, आणि दुसऱ्या दिवशी मधला शेवटचा सांधा. काम सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.

४ मिमीच्या खाचेत गोंद घालायला कुठलीच बाटली मनासारखी मिळत नाही. मी मेंदीचा रिकामा कोन वापरते. टोक हवं तेवढं कापता येतं, आणि खाचेच्या दोन्ही भिंतींना वर-खाली गोंद नीट लागतो. तळाशी डबकं करू नका, गोंद भिंतींना हवा. मग कडेवर पातळ थर, बोटाने किंवा छोट्या ब्रशने पसरून. बिस्किटं एका फळीत बसवा, दुसरी वर ठेवा, हाताने दाबा, आणि लगेच शिकंजे.

शिकंजे साधारण दर दहा इंचांवर, एक खालून, एक वरून, असे आलटून-पालटून. सगळे एकाच बाजूने लावले तर फळ्यांचा गठ्ठा त्या बाजूला बाक घेतो. शिकंज्याचे लोखंडी पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला. लोखंड आणि ओला गोंद एकत्र आले की लाकडावर काळा डाग पडतो, आणि तो रंध्यानेही सहज जात नाही. पाइपचे शिकंजे नसतील तर जुनी पद्धत आहेच: जाड फळीवर दोन मजबूत पट्ट्या ठोकायच्या, मध्ये फळ्या ठेवायच्या, आणि एका बाजूने पाचरींच्या जोड्या समोरासमोर मारत जायच्या. हातोडी दोन्ही पाचरींवर सारखी बसली तर दाब शिकंज्याइतकाच मिळतो.

किती आवळायचं? सांध्याच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे बारीक मणी फुटले की थांबा. कुठे मणी नाहीत तिथे एक तर गोंद कमी पडलाय किंवा कड नीट नाही. जास्त पिळलं की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. आता सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. बाक असेल तर वरचे-खालचे शिकंजे कमी-जास्त करून आताच काढा. उद्या निघणार नाही.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायची सवय अनेकांना असते. त्याने गोंद पातळ होऊन लाकडात मुरतो, आणि पॉलिश करताना तिथे फिका चट्टा उठतो. तो रबरासारखा होईपर्यंत थांबा, मग पटाशीने सोलून काढा.

थांबायचं

शिकंजे रात्रभर ठेवा. सकाळी सोडल्यावर लगेच रंधा घेऊन बसावंसं वाटतं, पण या सांध्यात ती घाई महाग पडते. बिस्किटाने प्यायलेलं पाणी आजूबाजूच्या लाकडात जातं आणि त्या जागी पृष्ठभाग किंचित फुगतो, डोळ्यांना न दिसण्याइतका. तुम्ही तो आताच रंधून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलात, तर तुम्ही फुगवटा घासून टाकलात. पुढच्या आठवड्यात ओल उडाली की तिथे बिस्किटाच्या आकाराचे खळगे पडतात. चकचकीत पॉलिशवर तिरका उजेड आला की चोवीसच्या चोवीस मोजता येतात. फळी पातळ किंवा बिस्किट वरच्या बाजूला जवळ असेल तर जास्तच. त्यामुळे जोडलेला भाग उभा करून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा, सुक्या दिवसांत निदान चार-पाच दिवस ठेवा. हवा दमट असेल तर आठवडा-दीड आठवडा.

बिस्किट कुठे खरंच कामाचं

प्लाय, एमडीएफ, चिपबोर्ड. इथे कडेवर गोंद नीट धरत नाही, म्हणून बिस्किट पातळीही देतं आणि ताकदही. शेल्फची फळी उभ्या बाजूला जोडताना जिथे शेल्फ येणार तिथे रेघ मारा, शेल्फ त्या रेघेला लावून बाजूवर आडवं क्लँप करा, आणि त्यालाच टेकून मशीनचा तळ सपाट ठेवून खाचा मारा. फेन्सची गरजच नाही. पण १२ मिमीच्या प्लायच्या पृष्ठभागावर वीस नंबरची खाच मारू नका. ती १२.३ मिमी खोल जाते, म्हणजे पलीकडून बाहेर येते. तिथे शून्य नंबर, त्याची खाच साधारण ८ मिमी. फोटोच्या फ्रेमचे ४५ अंशांचे कोपरे हेही बिस्किटाचं आवडतं काम.

खुर्चीचे पाय, झोपाळा, अंगणातलं बाक इथे मात्र नाही. झोपाळ्यावर माणसं बसतात, झोके घेतात, पोरं उड्या मारतात. तिथे खाच-कुसूला पर्याय नाही.

वरचा भाग टेबलाच्या चौकटीवर बसवताना गोंद अजिबात नको. दोन फूट रुंद पृष्ठभाग आपल्याकडे पावसाळ्यात दोन-तीन मिमी, कधी त्याहून जास्त पसरतो. चौकटीच्या आडव्या पट्ट्यांना खालून लांबट भोकं पाडा, रुंदीच्या दिशेने लांब, आणि त्यातून वॉशर लावून स्क्रू घ्या. मधला स्क्रू पक्का आवळा, बाजूचे हात थांबेल इतकेच.